पाटा वाढतो, गाडी वाढत नाही

दहावीची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि माझ्या भाच्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. दर वर्षी दुसऱ्यांच्या मुलांसाठी लेखनिकाचे अर्ज भरून देते. त्या वर्षी घरच्याच मुलाचा अर्ज भरायची वेळ आली. अर्जात अपघाताचे कारण लिहायचे होते. मी लिहिले, ‘वाहनातून पडून’. पण ते खरे कारण नव्हते. खरे कारण आमच्या अंगणात उभे होते. ते म्हणजे गाडीच्या मागच्या चाकांवर बसवलेले जादा पाटे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत आपल्या कितीतरी घरांची रोजी गाडीवर चालते. कुणी आठवडी बाजारात कापड नेतो, कुणी किराणा, कुणी भंगार. माझ्या धाकट्या भावाचे बिछायत केंद्र आहे. कनाती, सतरंज्या, खुर्च्या, डेगी आणि जनरेटर घेऊन तो लग्नसराईत आष्टी, आलापल्ली, एटापल्ली, भामरागडपर्यंत जातो. अशा घरांत एक प्रश्न कधी ना कधी निघतोच: ‘सामान जास्त आहे, गाडी मागून बसते, पाटे वाढवायचे का?’ या प्रश्नाचे उत्तर आम्हाला महागात मिळाले. ते तुम्हाला स्वस्तात मिळावे, म्हणून हा लेख.

पाटेवाल्याचे घर

खरे तर हे उत्तर आमच्या घरात आधीपासून होते. अब्बांचे चंद्रपुरात पाट्यांचे दुकान होते. बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी जंगलातून बांबू येई. ते ट्रक, कोळशाचे ट्रक आणि जंगलात फिरणाऱ्या जीप अब्बांच्या दारात येत. गाडीच्या चाकावर पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्यांची जी चळत असते, तिला मराठीत पाटे म्हणतात आणि आमच्या घरी कमानी म्हणत. ऐरणीवरचा त्या पाट्यांचा आवाज ऐकतच आम्ही भावंडे पाढे पाठ केले.

जीपविषयी अब्बा एक गोष्ट हमखास सांगत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी फौजेने जी जीप वापरली, तिचे सरकारी नाव ‘पाव टनाचा ट्रक’ असे होते. म्हणजे डोंगर, चिखल, नदी काहीही तुडवणाऱ्या या गाडीच्या नावातच तिने किती ओझे घ्यायचे ते लिहिलेले होते. आपल्याकडे जीप आणणाऱ्या कंपनीचीही एक कथा आहे. १९४५ मध्ये सुरू झालेल्या त्या कंपनीचे पहिले नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ असे होते. त्यातले भागीदार मलिक गुलाम मुहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. विलिस जीपचे भाग आणून त्यांची जोडणी मुंबईत सुरू झाली आणि त्या जीप वन खात्यापासून ठेकेदारांपर्यंत सगळ्यांच्या हाती आल्या. आज आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या पिकअप गाड्या त्याच घराण्याच्या किंवा त्याच धाटणीच्या आहेत. मागे पाटे, खाली मजबूत चेसिस आणि वर हौदा.

अब्बांकडे कुणी पाटे वाढवायला आला की ते आधी तीन प्रश्न विचारत. काय भरणार? किती भरणार? आणि रिकामी किती वेळा येणार? तिसऱ्या प्रश्नाला गिऱ्हाईक हसत असे. त्या प्रश्नाचा अर्थ मला फार उशिरा कळला.

रस्ता कसा आहे

चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी करत वैनगंगा ओलांडली की आष्टी लागते. तिथून गडचिरोली जिल्हा सुरू होतो. पुढे आलापल्लीचे सागवान. आलापल्लीहून डावीकडे पेरमिली, ताडगाव, हेमलकसा आणि शेवटी भामरागड. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या तिथे भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. १९७३ मध्ये बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा तर पावसाचे महिने हा सगळा मुलूख जगापासून तुटलेला असे. आता डांबर आले आहे. पण मुख्य रस्ता सोडून गावाकडे वळले की मुरूम, दगड, नाल्याची वाळू आणि उतार-चढ हे सगळे आजही आहेच.

अशा रस्त्यावर गाडीच्या पाठीवर नुसते उभे वजन नसते. खड्ड्यात चाक आदळते तेव्हा त्या क्षणी वजनाचा मार दुपटीच्या घरात जाऊ शकतो. म्हणून शहरात जे ओझे गाडी निमूट वाहते, तेच जंगलाच्या वाटेवर पाटा मोडते.

पाटा काम कसे करतो

पाट्यांच्या चळतीत सर्वांत वरचा आणि लांब तो मुख्य पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात. त्यात रबरी बुश बसतात आणि पाटा चेसिसला टांगला जातो. एका टोकाला झुलती कडी असते, तिला शॅकल म्हणतात. ओझे आले की कमान सरळ होते, पाटा लांबतो आणि त्या लांबण्याला शॅकल जागा देते. खालचे पाटे क्रमाने आखूड असतात. मधोमध एक सेंटर बोल्ट आणि दोन बाजूंना यू-बोल्ट सगळी चळत अॅक्सलला आवळून धरतात.

मालवाहू गाडीत बहुधा आणखी एक जाड, जवळजवळ सरळ पाटा असतो. तो हेल्पर पाटा. गाडी रिकामी असते तेव्हा तो काम करत नाही. ओझ्याने गाडी एका मर्यादेपलीकडे खाली आली की तो टेकतो आणि भार उचलायला लागतो. म्हणजे गाडी रिकामी असताना मऊ आणि भरल्यावर ताठ. ही योजना साधी आहे, पण फार शहाणपणाची आहे.

आता हिशेब. सारख्या पाच पाट्यांत सहावा घातला तर ताठरपणा साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतो. पण पाट्याची जाडी वाढवली तर हिशेब वेगळा आहे. ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी फक्त एक दशांशाने वाढली, तरी ताठरपणा तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. म्हणून ‘थोडा जाड पाटा टाकून देतो’ हे वाक्य ऐकायला थोडे असले, तरी परिणाम थोडा नसतो.

आम्ही काय केले

भावाने जुनी डबल केबिनची पिकअप घेतली होती. आधीच्या मालकाने बसायला मऊ व्हावी म्हणून तिचा हेल्पर पाटा काढून टाकला होता. उरलेले पाटे बसलेले होते. सामान भरले की मागचा भाग खाली जाई, खड्ड्यात चेसिस रबरी गट्टूवर आदळे आणि दिव्यांचा उजेड झाडांच्या शेंड्यांवर पडे. लग्नसराई डोक्यावर होती. भावाने एका गॅरेजमध्ये दोन्ही बाजूंना दोन-दोन जाड पाटे वाढवून घेतले. काम एका दुपारीत झाले. भरलेली गाडी आता सरळ उभी राहू लागली. भाऊ खूश. “आपा, आता दीड टन टाका, हलणार नाही,” असे तो म्हणाला. मला ते ऐकायला बरे वाटले. अब्बांचे तीन प्रश्न मलाही आठवले नाहीत.

पहिल्या फेरीहून तो रिकामा परत येत होता. वाटेतल्या एका वस्तीवर लोकांनी गाडी थांबवली. एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. अशा भागात ज्याची गाडी दिसेल तीच रुग्णवाहिका होते, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. बाईला मागच्या सीटवर घेतले. पण रिकामी गाडी दगडासारखी झाली होती. प्रत्येक खड्ड्याला मागची चाके उसळत आणि बाई कळवळे. तिची सासू सारखी म्हणत होती, हळू, हळू. दहा-बारा किलोमीटरला सव्वा तास लागला. अल्लाहची मेहेरबानी, बाई हेमलकशाच्या दवाखान्यात वेळेत पोचली, बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. भावाने घरी येऊन ही गोष्ट सांगितली, पण गाडीला दोष दिला नाही. रस्त्याला दिला.

दुसऱ्या फेरीला रविवार होता. भाचा हट्टाने बरोबर गेला. गाडीत भाऊ, तीन कामगार आणि हा. खुर्च्यांची चळत हलू नये म्हणून मुलगा वर, कनातींच्या गठ्ठ्यावर बसला. ताडगावच्या पुढे एका गावाकडे वळल्यावर नाल्याचा उतार लागतो. उतारावर समोरून बैलगाडी चढत होती. भावाने ब्रेक दाबला. पुढची चाके थांबायला लागली, पण मागून गाडी ढकलत राहिली. त्याने गाडी वाळूत घातली. बैलगाडी वाचली, माणसे वाचली. वरचा मुलगा मात्र फेकला गेला आणि हातावर पडला. मनगटाचे हाड मोडले.

त्या रात्री घरात कुणी कुणाला बोलले नाही. भावजय मुलाच्या उशाशी बसून होती. भाऊ अंगणात गाडीकडे बघत उभा होता.

मिस्त्री चाचांनी काय दाखवले

अब्बा आता नाहीत. त्यांचे एक शागीर्द आहेत, वय सत्तरीच्या पुढे, आम्ही त्यांना मिस्त्री चाचा म्हणतो. त्यांनी गाडीखाली चटई टाकली, पाच मिनिटे पडून राहिले आणि मला बोलावले. “बेटी, तू मास्तरीण आहेस, तुला समजेल. हे बघ.”

मागच्या अॅक्सलपासून चेसिसकडे एक बारीक सळई जात होती. तिच्या टोकाला ब्रेकच्या तेलाचा वाल्व होता. अनेक पिकअप गाड्यांत हा वाल्व असतो. त्याचे काम वजन ओळखणे. गाडी भरली की मागचा भाग खाली बसतो, सळई वळते आणि वाल्व मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की तोच दाब कमी करतो, नाहीतर हलकी मागची चाके जाम होऊन गाडी घसरेल. वाल्वला वजन दिसत नाही. गाडी किती खाली बसली एवढेच त्याला कळते.

आम्ही जाड पाटे टाकले होते. सामान भरूनही गाडी खाली बसत नव्हती. त्यामुळे वाल्वला वाटत होते की गाडी रिकामीच आहे. ज्या वेळी मागच्या ब्रेकची सर्वांत जास्त गरज होती, त्याच वेळी त्याला कमी दाब मिळत होता. ज्या गोष्टीवर भाऊ खूश होता, तीच गोष्ट त्या उतारावर आडवी आली.

चाचा पुढे म्हणाले, “पाटा वाढला. अॅक्सल वाढला का? ड्रम वाढला का? टायर वाढला? चाकाचे बोल्ट वाढले? मग गाडी कुठे वाढली?”

या लेखात सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे. पाटे गाडीला उचलून धरतात, थांबवत नाहीत. गाडीची ताकद तिच्या सर्वांत कमजोर भागाएवढी असते. पाटे ताठ केल्याने फक्त ओझे दिसेनासे होते.

धर्मकाट्यावर

आपल्या चंद्रपुरात एक सोय आहे. कोळसा आणि सिमेंटमुळे धर्मकाटे जागोजागी आहेत. चाचांच्या सांगण्यावरून भावाने तेच सगळे सामान पुन्हा भरले, तीच माणसे बसवली. भाच्याच्या जागी मी बसले. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके काट्यावर. अशी दोन वजने घेतली.

आरसी बुकात लिहिले होते: रिकामी गाडी १,७०० किलो, भरलेली जास्तीत जास्त २,७०० किलो. म्हणजे एक टनाचे पासिंग. काट्याने सांगितले: ३,२४० किलो. पासिंगपेक्षा ५४० किलो जास्त.

आम्ही कागदावर फोड केली. पाच माणसे ३२५ किलो. लोखंडी पाइप ४२०. कनाती आणि सतरंज्या २६०. ८० खुर्च्या २००. डेगी आणि झाकणे ११०. जनरेटर १५०. दोन कॅन डिझेल ३४. दोर, हातोडे, जॅक आणि ते नवे पाटे मिळून ४१. बेरीज १,५४०. माणसांचे वजनही पासिंगातच मोजायचे असते, हे आम्ही कधी मनात धरलेच नव्हते. पाच माणसे बसली की एक टनातले फक्त ६७५ किलो सामानासाठी उरतात. वाढवलेले पाटेसुद्धा वीसेक किलोचे निघाले. म्हणजे ओझे वाहण्यासाठी घातलेल्या लोखंडानेच ओझ्याची जागा खाल्ली.

मागच्या चाकांवर वजन होते २,१९० किलो. टायरच्या बाजूला मापापुढे एक आकडा छापलेला असतो. तो त्या टायरने किती किलो घ्यायचे ते सांगतो. १०० म्हणजे ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५, १०९ म्हणजे १,०३०. आमच्या टायरवर १०५ होता. दोन टायरचे मिळून १,८५०, तेही हवा पूर्ण असताना. म्हणजे मागचे टायर त्यांच्या ताकदीपेक्षा ३४० किलो जास्त घेऊन धावत होते. उन्हात असा टायर तापून फुटला असता तर हा लेख लिहायला मी बसलेच नसते.

ब्रेकचाही हिशेब सोपा आहे. वजन पाचव्या हिश्श्याने वाढले तर थांबवायचा जोर तेवढाच वाढतो. वेग ४० ऐवजी ५० केला तर तो दीडपटीपेक्षा जास्त होतो, कारण तिथे वेगाचा वर्ग येतो. जादा ओझे आणि जादा वेग दोन्ही एकत्र आले की जुन्या ड्रम ब्रेकांना उतारावर श्वास उरत नाही.

मग दुरुस्ती कशी झाली

चाचांनी आधी सामान कमी करायला लावले आणि मगच पाट्यांना हात लावला. हा क्रम महत्त्वाचा आहे.

भावाने मांडव लोखंडी पाइपांचा उभारायचे सोडले. गडचिरोलीत बांबूला तोटा नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला तर २०११ मध्ये स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार मिळाला, हे सगळ्या देशाने पाहिले. भाऊ आता लग्नघरालाच बांबूची सोय करायला सांगतो आणि फक्त व्यासपीठापुरते १०० किलो पाइप नेतो. खुर्च्या ४० नेतो. दोन कामगार आणि एक मदतनीस एसटीने पुढे जातात. गाडीत चालक आणि एकच माणूस. नवी बेरीज ९०५ किलो. काट्यावर गाडी २,६०५, मागची चाके १,५१०. हिशेब पासिंगच्या आत, टायरच्याही आत.

त्यानंतर पाटे. जादा पाटे काढले. त्याच मॉडेलसाठी कंपनीने दिलेला पूर्ण संच बसवला, काढून टाकलेल्या हेल्पर पाट्यासकट. दोन्ही बाजू एकदम बदलल्या, कारण एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवली तर गाडी तिरपी चालते. बुश आणि शॅकलच्या पिना नव्या. यू-बोल्टही नवे, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा आवळत नाही. शॉकअप नवे. पुष्कळांना वाटते शॉकअप ओझे उचलतो. तो उचलत नाही. दबलेला पाटा परत उसळतो, ती उसळी शॉकअप आवरतो. शॉकअप मेलेला असेल तर चांगले पाटेही गाडीला नाचवतात.

मग गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन तो वजन ओळखणारा वाल्व मापाने लावून घेतला. त्याची सळई अंदाजाने वाकवणारे पुष्कळ भेटतात. चाचा स्वतः पन्नास वर्षांचे मिस्त्री, पण त्यांनी त्याला हात लावला नाही. म्हणाले, “याचे माप त्यांच्याकडे आहे, माझ्याकडे नाही.” मला हे वाक्य त्यांच्या सगळ्या कारागिरीपेक्षा मोठे वाटले.

शेवटी दोनशे किलोमीटर गाडी चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळले. नवे पाटे एकमेकांवर बसतात, बोल्ट थोडे सैल होतात. ही फेरी चुकवली तर सेंटर बोल्ट तुटतो आणि अॅक्सल जागेवरून सरकतो.

तुम्ही गॅरेजमध्ये गेलात तर

काही गोष्टी विचारून घ्या. बसलेला पाटा कुणी गॅसच्या ज्वाळेने लाल करून वाकवत असेल तर नको म्हणा. पाट्याचे पोलाद तापवून, विझवून, पुन्हा बेताने तापवून तयार केलेले असते. उघड्या ज्वाळेने त्याचे पाणी उतरते. तो महिन्याभरात बसतो किंवा मोडतो. मोडलेला पाटा वेल्डिंग करून कधीही जोडू नका. मागचा भाग खूप उचलून घेऊ नका. गाडी जितकी उंच, तितकी वळणावर उलटायला सोपी. प्रोपेलर शाफ्टचे सांधे तिरपे चालतात आणि ब्रेकची रबरी नळी ताणली जाते.

कायदाही पाहा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये असा दंड लिहिलेला आहे. शिवाय जादा माल उतरवून ठेवावा लागतो. आरसीतल्या नोंदीशी आणि कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारे बदल कलम ५२ खाली चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. पाटे कितीही वाढवले तरी आरसीतले पासिंग एका किलोनेही वाढत नाही. आणि अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस सगळ्यात आधी हेच पाहतो.

सामान कसे लावता यावरही पुष्कळ अवलंबून आहे. जड वस्तू खाली आणि मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे केबिनकडे. पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर असेल आणि १०० किलोचा जनरेटर मागच्या चाकांच्या एक मीटर मागे टांगला, तर मागच्या चाकांवर १३३ किलो येतात आणि पुढच्या चाकांवरून ३३ किलो कमी होतात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग ऐकत नाही. ओल्या कनाती कोरड्यांपेक्षा कितीतरी जड असतात, पावसात परतताना हे ध्यानात ठेवा. पाण्याचा दोनशे लिटरचा ड्रम म्हणजे दोनशे किलो. आणि सामानावर माणूस बसवू नका. मूल तर मुळीच नाही. हे मी मास्तरीण म्हणून सांगत नाही. माझ्या घरातला मुलगा तिथे बसला होता.

घरातल्या बायकांना मी खास सांगेन. गाडी पुरुषांची बाब म्हणून आपण बाजूला राहतो. पण आरसी बुक आपल्याच कपाटात असते आणि बेरीज-वजाबाकी आपल्यालाही येते. एका कागदावर सामानाची यादी करा, प्रत्येकाचे वजन लिहा, माणसे मोजा आणि आरसीतल्या आकड्याशी ताडून पाहा. धर्मकाट्याच्या एका पावतीला फार पैसे पडत नाहीत. ती पावती भिंतीवर लावून ठेवा. आमच्याकडे ती कॅलेंडरशेजारी आहे.

रिकामी किती वेळा येणार

भाच्याने लेखनिकाला सांगून परीक्षा दिली. नववीतला एक मुलगा त्याच्यासाठी लिहीत होता. गणिताच्या पेपराला त्याचा जीव कासावीस झाला, कारण आकृती मनात असून हाताने काढता येत नव्हती. पास झाला. हात आता बरा आहे, अक्षर थोडे बिघडले आहे. “फुप्पी, तुम्ही आता माझ्या अक्षराचे गुण कापू शकत नाही,” असे म्हणतो.

भाऊ नव्या संचाने पहिल्यांदा भामरागडकडे गेला, तेव्हा घरात सगळे जागे होते. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. कामाविषयी काही बोलला नाही. म्हणाला, “आपा, परत येताना ताडगावच्या एका म्हाताऱ्या आजींना दवाखान्यात सोडले. ताप होता. मागच्या सीटवर निजल्या त्या, हेमलकसा येईपर्यंत जाग्या झाल्या नाहीत.”

अब्बांचा तिसरा प्रश्न मला तेव्हा समजला. गाडी भरलेली जाते तेव्हा तिच्यावर आपले सामान असते. रिकामी येते तेव्हा तिच्यात कोण बसेल, हे आपल्याला आधी ठाऊक नसते. पाटे दोघांसाठी हवेत.